मदत हवी आहे: शिरवाळे तुटतात, आजीसारखे लांब धागे येत नाहीत

आमच्याकडे मालवणला आजी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, करायची. लाकडी शेवग्यातून (शेवया पाडायच्या साच्यातून) पडणारे लांबलचक धागे आणि सोबत गूळ-वेलचीचा नारळरस. आजीने प्रमाण कधी लिहून ठेवलं नाही, आईला 'अंदाजानं' एवढंच आठवतं.

रस जमतो. नारळाचं दाट दूध शेवटी घालते आणि उकळी येऊ देत नाही, त्यामुळे तो फुटत नाही. अडतंय ते शिरवाळ्यांवर.

तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून गिरणीतून बारीक दळून आणते. पिठाएवढंच पाणी घेऊन उकड काढते, गरम असतानाच मळते, मुटके वळून उकळत्या पाण्यात सोडते. ते वर तरंगले की काढून लगेच साच्यात. तरी धागे दोन-तीन इंचांवर तुटतात. उकडीत पाणी वाढवलं तर तुटत नाहीत, पण एकमेकांना चिकटून गोळा होतो. जुना कोलम आणि आंबेमोहोर दोन्ही वापरून पाहिले. आंबेमोहोराचा वास छान, पण चिकटपणा जास्तच.

शेवगा आता नाही, पितळी सोऱ्याला शेवेची बारीक चकती लावते. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालायला सुचवू नका, ती चव नकोच. विकतचं पीठही नको.

मुटके वर तरंगल्यावर आणखी किती वेळ शिजवायचे? कापून पाहिलं तर आत पांढरी गाठ दिसत नाही, पण तेवढ्यावरून ते शिजले असं धरायचं का? आणि थोडा उकडा तांदूळ मिसळून दळला तर धागा टिकतो का, कोणी करून पाहिलंय?