कंडक्शन म्हणजे वहन, मग प्रोपगेशनला काय म्हणायचं?

स्नायुतंतूतून विजेचा सिग्नल कसा जातो त्याच्या कॉम्प्युटर मॉडेलवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर अडलोय. कंडक्शनला 'वहन' केलं, प्रोपगेशनला 'प्रसरण'. वाचून एकाने विचारलं, स्नायू सैल पडतो तेव्हाचं सांगतोयस का? दुसरा शब्द आहे का कुणाकडे?

त्याचं बरोबरच आहे. आकुंचन-प्रसरण ही जोडी शाळेपासून डोक्यात बसलेली, त्यात स्नायूचा विषय, मग दुसरा अर्थ लागणारच कसा. 'प्रसारण' म्हटलं की रेडिओ, 'पारेषण' म्हटलं की विजेचे टॉवर, आणि 'संक्रमण' तर नकोच. मी 'संचरण' वापरते.

पण 'वहन' काढू नका, कारण मॉडेलमध्ये दोन्ही लागतात. तंतूचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, आतल्या द्रवातून एका तुकड्यातला करंट शेजारच्यात जातो ते खरं वहन, तारेसारखं, फक्त ही तार फार गळकी, काही मिलिमीटरमध्येच सिग्नल विरून जातो. मग टोकापर्यंत पोचतो कसा? तर उणे ८५-९० मिलिव्होल्टवर शांत बसलेल्या शेजारच्या तुकड्याचं व्होल्टेज थोडं वर सरकलं की तिथली सोडियमची दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि तो तुकडा स्वतःच पेटतो, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. सोडियम बाजूने आत येतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीच वाहत नाही. वातीवर ठिणगी पुढे पुढे जाते तसं. हे संचरण, माणसाच्या स्नायूत सेकंदाला साधारण ३ ते ५ मीटर, आणि तेही बहुधा तंतूच्या मधल्या भागात जिथे चेतातंतू जोडलेला असतो तिथून दोन्ही टोकांकडे.

अजून एक, दारांची समीकरणं हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांची, १९५२ ची, पण ती स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूवरून काढलेली. स्नायूत तंतूच्या बाहेरच्या पडद्याच्या बारीक नळ्या आत खोल शिरलेल्या असतात, टी-ट्युब्यूल्स, त्यांचा पडदाही चार्ज करावा लागतो. एकदा मी त्या न घालता मॉडेल चालवलं तर वेग भलताच जास्त आला, दोन दिवस चूक दुसरीकडेच शोधत बसले होते.

संचरण पटलं. मॉडेलला मात्र 'प्रारूप' करू नका हो, ते कच्च्या मसुद्याला म्हणतात, मॉडेलच बरं. आणि हिंदी संदर्भ बघत असाल तर जपून, तिकडे 'स्नायु तंत्र' म्हणजे आपली मज्जासंस्था, मसलला ते मांसपेशी म्हणतात, आणि आपल्याकडे पेशी म्हणजे सेल. एका परिच्छेदात तिन्ही आले तर वाचणारा हरवलाच.

दोघांचेही आभार. वाक्य असं बदललंय, चालेल का बघा: 'तुकड्या-तुकड्यातलं वहन जेमतेम शेजाऱ्याला जागं करण्यापुरतं असतं, तंतूभर जातं ते संचरण.'

चालेल, फक्त 'तुकड्यातुकड्यांतलं' करा.