मदत हवी आहे : चार्जिंगचं लॉनमोअर निम्म्यातच बंद पडतंय

नमस्कार मंडळी. तळेगावला आई-बाबांच्या बंगल्यापुढे लॉन आहे. पेट्रोलच्या मशीनची दोरी ओढणं बाबांना झेपेना, म्हणून बॅटरीवरचं घेतलं. 40 व्होल्ट, 4 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. उन्हाळ्यात एका चार्जिंगमध्ये अख्खं लॉन व्हायचं. पाऊस लागल्यापासून मात्र निम्म्यातच बंद पडतंय.

गवत ओलं आणि वाढलेलं असलं की मोटरवर लोड येतो, हे कळतं. बॅटरी काढून मशीन आडवं केलं की पात्याभोवती हिरवा लगदा थापून बसलेला दिसतो; तो लाकडी पट्टीने खरवडून काढतो. शिवाय गवताची टोकं कापली न जाता फाटतात आणि दुसऱ्या दिवशी पांढुरकी पडतात, म्हणजे पातं बोथट झालंय हे नक्की. पण थोडं थांबून चालू केलं की मशीन पुन्हा चालतं. मग बॅटरी तापून स्वतःच बंद होते का?

साध्या धारवाल्याकडून धार लावून घेऊ का? पात्याच्या दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहिलं नाही तर मशीन थरथरतं, बेअरिंग जातं, म्हणून धाकधूक वाटते. तळेगाव-चिंचवड भागात पातं बॅलन्स करून देणारं कोणी माहीत आहे का?

सर्व्हिस सेंटरवाले थेट नवीन बॅटरी घ्या म्हणतात, आणि ती फार महाग आहे. जुन्या पॅकमधले सेल बदलून घेणं सुरक्षित आहे का? कोणी करून घेतलं असेल तर कृपया अनुभव सांगा. बाबांचा जीव आहे त्या लॉनवर.