कमरेचं ऐका, पण पट्ट्याचंही बघा

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जागेवर लाकडं ओढायला आणि बर्फ ढकलायला एटीव्ही (खडबडीत जागी चालणारी, हँडलवाली छोटी चारचाकी) हवी, पण कमरेचं दुखणं आहे, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरांत सगळे या दोन कंपन्यांबद्दल 'आरामात पोलारिस, टिकण्यात होंडा' म्हणून मोकळे झाले. इतकं सोपं नाही हो ते.

आधी मागचा अ‍ॅक्सल बघा. होंडाची रँचर ४२० सॉलिड अ‍ॅक्सलमध्येही (मागची दोन्ही चाकं एकाच कडक दांड्यावर) मिळते आणि स्वतंत्र सस्पेन्शनमध्येही (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं). सॉलिडमध्ये एक चाक दगडावर चढलं की अख्खं मागचं धूड कलतं आणि धक्का थेट कमरेत. पण ओझं लादलं तरी ती मागे फारशी बसत नाही, आणि मागे सीव्ही जॉइंट (चाक वरखाली होत असतानाही ते फिरवत ठेवणारे सांधे) नसल्यामुळे त्यांची रबरी बुटं, म्हणजे आवरणं, फाटायची भानगडच नाही. स्वतंत्र सस्पेन्शनवाली घेतलीत तर दर धुण्याला त्या बुटांच्या घड्या बोटांनी उघडून बघा. बारीकशी चीर दिसली तर लगेच बदला; आत रेती गेली की कटकट सुरू होते, मग जॉइंटच बदलावा लागतो.

दुसरं, ट्रान्समिशन. पोलारिसच्या स्पोर्ट्‌समन ५७० मध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा रबरी पट्टा आहे. चालवायला झकास, पण बर्फ ढकलताना 'लो'मध्येच (हळू पण जास्त जोराच्या गिअरमध्ये) ठेवा, नाहीतर पट्टा तापून झिजतो. होंडात पट्ट्याऐवजी गिअरच आहेत.

तुमच्या कामाला मी स्वतंत्र सस्पेन्शनवाली रँचरच सुचवेन. होंडाचीच रुबिकॉनही चांगली, पण महाग. आणि टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा, बरेच धक्के तिथेच जिरतात.