कॅप्टन कुकचं जुनं एन्ग्रेव्हिंग पुठ्ठ्यावर चिकटवलेलं आहे, सोडवावं का?

नमस्कार मंडळी,

इथे यॉर्कशरमध्ये व्हिटबीच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मला अठराव्या शतकातला ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक याचं एन्ग्रेव्हिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, मिळालं. कोळशाच्या गलबतांवर उमेदवारी करत कुक याच बंदरात दर्यावर्दी झाला, त्यामुळे तिथे ते हाती लागल्याचा आनंद फार मोठा आहे.

मूळ तैलचित्र चित्रकार नॅथॅनियल डान्सचं, १७७६ सालचं. कुकच्या पहिल्या सफरीत सोबत असलेला निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स याने ते करून घेतलं होतं आणि आता ते ग्रिनिचच्या नाविक संग्रहालयात आहे. जॉन शेर्विनने त्यावरून तांब्याचा पत्रा कोरला. कुक खुर्चीत बसलाय, पुढे दक्षिण समुद्राचा नकाशा, आणि उजव्या हाताचं बोट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर. हा किनारा १७७०मध्ये त्यानेच नकाशावर आणला. मे महिन्यात तो डान्ससमोर बसला, जुलैत प्लिमथ बंदरातून शेवटच्या सफरीवर निघाला आणि १४ फेब्रुवारी १७७९ला हवाईत मारला गेला. हे माहीत असल्यावर त्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही.

दहापट भिंगातून पाहिलं. गालावर बारीक वळणदार रेषा एकमेकींना छेदतात आणि मधल्या चौकटीत एकेक टिंब आहे. आजच्या छपाईतले ठिपके कुठेच नाहीत. कोटाच्या काळ्या भागावर तिरका उजेड टाकला की शाई कागदावर किंचित उठलेली दिसते.

अडचण अशी, की पूर्वी कुणीतरी फ्रेम करताना चारही बाजूंचे समास कापले आणि चित्र सबंध पुठ्ठ्यावर चिकटवलं. १७३५च्या ब्रिटिश कायद्याने प्रकाशकाचं नाव नि तारीख पत्र्यावरच कोरावी लागे. ती ओळच गेली! छापताना पत्र्याच्या कडेचा कागदावर उमटलेला दाबही फक्त एका बाजूला दोनेक इंच उरलाय. पुठ्ठ्यामुळे उजेडात धरून कागदातल्या साच्याच्या रेषा (हातकागद बनवताना जाळीच्या साच्याने उमटलेल्या) बघता येत नाहीत. शिवाय पुठ्ठा तपकिरी पडलाय आणि तो डाग आता कुकच्या बाहीपर्यंत पोहोचलाय.

तारखेच्या ओळीशिवाय हा ठसा त्या काळचा की झिजलेल्या पत्र्यावरून नंतर काढलेला, हे कशावरून ओळखावं? गालावरच्या सर्वांत बारीक रेषा माझ्या प्रतीत शाबूत आहेत, एवढा पुरावा पुरे का? आणि पुठ्ठा मागून थर-थर सोलून काढणं घरी जमण्यासारखं आहे का? पाण्यात बुडवायचा धीर मला होत नाही. कागद-संवर्धनाचं काम प्रत्यक्ष केलेल्या कुणी सांगितलं तर फार उपकार होतील. तोवर फ्रेममधून काढून, अंधाऱ्या कपाटात सपाट ठेवलंय.