पोटाची चरबी आणि डिमेन्शिया, खरंच काही संबंध आहे का?

रंकाळाकर
मंडळी, आईला (वय ७३) डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, सुरू झालाय असं डॉक्टर म्हणाले. शुगर जुनी आहे, पूर्वी अंगानं चांगली भरलेली होती, आता वजन उतरत चाललंय. धाकटा भाऊ कुठंतरी वाचून आला की चरबीमुळं मेंदू खराब होतो, म्हणून त्यानं तिचं दूध, तूप, भात सगळं बंद केलंय. मला पटत नाही पण सांगू काय त्याला? आणि माझं स्वतःचं वय ४७, वजन बेताचंच पण पोट सुटलंय, मीही काळजी करायला हवी का?

लॅबवाला_राजारामपुरी
संबंध आहे, पण वय बघायला लागतं. २००८ मधे अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, साडेसहा हजारांवर लोकांच्या पोटाची जाडी चाळिशीत मोजून ठेवलेली, सरासरी छत्तीस वर्षांनी बघितलं तर ज्यांची पोटं सगळ्यात मोठी होती त्यांच्यात डिमेन्शिया जवळजवळ तिप्पट. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या २०२४ च्या अहवालातही टाळता येण्यासारख्या १४ कारणांत मध्यम वयातला लठ्ठपणा आहे, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल पण आहे. म्हातारपणी मात्र चित्र उलटं होतं, डिमेन्शिया लक्षात यायच्या आधीच कित्येकांचं वजन आपोआप उतरायला लागतं. त्यामुळं आईचं वजन कमी होतंय ते चांगलं लक्षण समजू नका. भावाला सांगा, आत्ता उपाशी ठेवून काही उपयोग नाही, उलट अंगातली ताकद जाईल.

शाहूपुरीकर_ताई
दादा, तुमच्या पोटाबद्दल. वजनकाट्यावर जाऊ नका, टेप घ्या. आपल्याकडं पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर कंबर गेली की धोका धरतात. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मधे स्वतःची आणि एका इंग्रज डॉक्टरांची तुलना छापली होती, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१ टक्के आणि त्या साहेबांच्या ९! म्हणजे आपण दिसायला बारीक पण आतून चरबीवाले. ही आतड्यांभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही, ती सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडते, इन्सुलिन नीट काम करत नाही, शुगर बीपी वाढतं आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. फक्त चरबीनंच डिमेन्शिया होतो असं मात्र कोण सिद्ध केलेलं नाही हं, यात बरंच काही एकमेकांत गुंतलंय. तरी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातलं कोलेस्टेरॉल वगैरे), बीपी करून घ्याच.

कसबा_बावडा
माझ्या सासऱ्यांचं असंच होतं म्हणून कळकळीनं लिहितोय. जेवलोय का नाही हे ते विसरायचे आणि शुगरची गोळी मात्र वेळेवर पोटात, मग शुगर एकदम खाली, घाम, बडबड, आम्हाला वाटायचं आजार वाढला. भावाला आधी हे सांगा, भात बंद आणि गोळ्या त्याच, हे फार धोक्याचं आहे. आईचे बी१२ आणि थायरॉईड तपासलेत का? ते कमी असलं तरी विसरायला होतं, आणि त्यावर औषध आहे. चालायला न्या, त्यात चूक काही नाही.

रंकाळाकर
बाप रे, गोळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. आई सकाळी दोन गोळ्या घेते आणि भाऊ तिला नाष्ट्याला नुसती काकडी देतोय. आत्ताच फोन लावतो त्याला, उद्या डॉक्टरांकडं दोघं मिळून जातो. बी१२ केलेलं नाही, तेही करून घेतो.