नऊ लाख जास्त: पीटीव्ही, सिरॅमिक ब्रेक, वीस इंची चाकं आपल्या रस्त्यावर कामाची आहेत का?

जिनिंगवाला, वणी
राम राम मंडळी. पोर्शे ७१८ केमन घेतो आहे, सेकंडहँड. नवी मिळायचा प्रश्नच नाही, पेट्रोल ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये बंद झालं. शोधून शोधून दोन गाड्यांवर आलो. दोन्ही दोन लिटर टर्बो, तीनशे हॉर्सपॉवर, पीडीके म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, किलोमीटरही जवळपास सारखे.

एक साधी आहे: अठरा इंची चाकं, नेहमीचं सस्पेन्शन, लोखंडी डिस्क. दुसरीच्या पहिल्या मालकाने हात सैल सोडून ऑप्शन टाकलेत. पासम, म्हणजे रस्ता पाहून कडक-मऊ होणारे शॉकअप, ज्यात गाडी दहा मिलिमीटर खाली बसते. पीटीव्ही, म्हणजे मागे लॉकिंग डिफरन्शिअल (डिफरन्शिअल म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग) आणि वळणात आतल्या मागच्या चाकाला हलकासा ब्रेक लावणारी यंत्रणा. शिवाय सिरॅमिक ब्रेक, स्पोर्ट क्रोनो, वीस इंची चाकं. या गाडीला नऊ लाख जास्त मागतो आहे.

वापर असा: वरोरा-जाम मार्गे नागपूर, कधी समृद्धीने मुंबई, पावसाळ्यात चिखलदरा. ट्रॅकवर न्यायचा बेत आहे, पण सध्या बेतच आहे. बाबा म्हणतात साधी घे. मेव्हणा म्हणतो भरलेली घे, मेव्हण्याला पैसे द्यायचे नाहीत.

स्पोर्ट्स कार घ्यावी की नाही यावर मत मागितलेलं नाही, तो विषय घरात होऊन गेला.

रोहीदर्शन, आर्वी
भाऊ, २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. नऊ लाख म्हणजे १११ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल धरला तं अठरा एकराचं वावर तू शॉकअपात अन् चकत्यात घालून राह्यला. अन् त्या बदल्यात काय भेटते? गाडी जमिनीले आणखी दहा मिलिमीटर जवळ. वरोऱ्याच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकाईनं जे नाल्या पाडल्या, त्याच्यात आधीच गाडीचं पोट घासते. साधी घे अन् गप बस.

जिनिंगवाला, वणी
जिनिंगवाल्याला कापसाचा हिशेब नको सांगू भाऊ. रस्त्याचं सांग.

पुण्यातला वऱ्हाडी
मूळचा दारव्ह्याचा, आता पुण्यात. मी उलट बाजूने. इंजिन मधोमध असलेली गाडी माणूस वळणासाठी घेतो. सरळ रस्त्यावर पळवायची तर कमी पैशात जास्त पळणाऱ्या गाड्या आहेत. मग ज्या कामासाठी गाडी बनली त्याच कामाचे ऑप्शन सोडून साधी घ्यायची, याला काय अर्थ आहे? सिरॅमिक डिस्क लोखंडी डिस्कच्या जवळजवळ निम्म्या वजनाची असते. हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे. ते कमी झालं की चाक रस्त्याला धरून राहतं, स्टिअरिंग हलकं होतं. आणि पुढे विकताना भरलेली गाडी आधी जाते.

काळीमाती, हिंगणघाट
रस्त्याची कामं घेतो, म्हणून थोडं लांबून सांगतो.

आपली माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. वरचं डांबर नवं असलं तरी खालची भुई दरवर्षी वरखाली होते. म्हणून आपल्या भागातला रस्ता खड्ड्यांपेक्षा लाटांनी जास्त खराब असतो. खड्डा दिसतो, चुकवता येतो. लाट दिसत नाही. ऐंशीच्या वेगात गाडी एका लाटेवरून उतरते आणि स्प्रिंग सुटायच्या आत दुसरी येते.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येतो. गावात अपघात झाला की रातोरात जो टाकतात त्याची रुंदी हातभर आणि उंची गावाच्या रागावर. तिथे साधी केमनही तिरपीच काढावी लागेल. दहा मिलिमीटरने फार बिघडत नाही आणि फार साधतही नाही.

मला खरी भीती चाकांची आहे. अठरा इंचीचं पुढचं टायर २३५/४५, म्हणजे रिंग ते रस्ता १०६ मिलिमीटर रबर. वीस इंचीचं २३५/३५, म्हणजे ८२. चाकाचा एकूण घेर जवळपास तोच, पण २४ मिलिमीटर रबर जाऊन तिथे धातू आला. तुटक्या डांबराच्या कडेवर हेच २४ मिलिमीटर रिंग वाचवतात. रोहीभाऊ पोटाची काळजी करतात, मी रिंगची करेन.

चिखलदरा एक्स्प्रेस, परतवाडा
काळीमातीशी सहमत, पण त्यांच्याच मुद्द्यावरून निष्कर्ष उलटा निघतो. लाटांचा रस्ता असेल तर पासम हा सगळ्यात कामाचा ऑप्शन आहे. लोक 'स्पोर्ट' वाचून समजतात की हे रेसवाल्यांचं कडक सस्पेन्शन. तसं नाही. साध्या शॉकअपला एकच स्वभाव असतो, तो वळणासाठीही आणि खराब रस्त्यासाठीही कामचलाऊ. पासम नॉर्मलवर ठेवलं की बारीक धक्के मऊपणे घेतं आणि गाडी लाटेवर उसळली की स्वतः आवळतं. माझ्या चुलतभावाकडे जर्मन सेडान आहे, त्यात असेच शॉकअप आहेत. घटांगच्या रस्त्याने वर जाताना मागे बसलेल्या काकूंना फरक कळतो, आणि काकू काही गाड्यांच्या शौकीन नाहीत.

पीटीव्हीचंही तेच. चिखलदरा घाटात पावसाळ्यात हेअरपिनला आतली बाजू म्हणजे माती, पाला, वाहून आलेला मुरूम. साध्या डिफरन्शिअलला आतलं चाक घसरलं की ताकद तिकडेच वाहून जाते, मग स्टॅबिलिटी कंट्रोल ब्रेक मारतं, इंजिन दाबतं आणि गाडी क्षणभर मेल्यासारखी होते. लॉकिंग डिफरन्शिअल तीच ताकद डांबरावरच्या चाकाला देतं. त्यासाठी शंभरने जावं लागत नाही, तीसवरही कळतं.

रोहीदर्शन, आर्वी
तीसवर कळते तं बैलगाडीलेही बसवा मंग. अबे, त्या घाटात तीसवर अल्टोही जाते. पावसाळ्यात धुकं असं असते का समोरची गाय शिंगं लागल्यावरच दिसते. तिथं ताकद कोणत्या चाकाले गेली हे पाहाले टाइम कोणाले आहे?

चिखलदरा एक्स्प्रेस, परतवाडा
अल्टो जाते, खरं आहे. पण अल्टोवाला इथे प्रश्न विचारत नाहीये.

मोर्शीकर
सिरॅमिक ब्रेकवर कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते. पुण्याच्या दादांनी वजनाचं सांगितलं ते बरोबर, पण विकणारा ते वजनासाठी विकत नाही. तो "गाडी लवकर थांबते" म्हणून विकतो.

समृद्धीवर सपाट भागात मर्यादा १२० ची. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. रोही, म्हणजे नीलगाय, आडवं आलं आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद गेला, की ३३ मीटर तिथेच संपले. मग कोरड्या रस्त्यावर उत्तम टायर असेल तर आणखी ५५-६० मीटर. एकूण नव्वदच्या आसपास. यात सिरॅमिकने काय कमी होतं? एका ब्रेकला जवळपास काहीच नाही. लोखंडी डिस्कसुद्धा चाक एबीएसच्या हद्दीपर्यंत नेतेच, त्यापुढे गाडी टायरच थांबवतं. सिरॅमिकचा फायदा वारंवार जोरात ब्रेक मारून डिस्क लालबुंद होते तेव्हा आहे, म्हणजे ट्रॅकवर. घाट उतरताना गिअर खाली घेतला तर लोखंडीही तापत नाही.

आणि एक गोष्ट शोरूमवाले सांगत नाहीत. सिरॅमिक डिस्कची कड चाक काढता-घालताना रिंग आपटली तर उडू शकते. केमनला चाक बोल्टवर असतं, स्टडवर नाही. बोल्ट काढला की चाक हातात येतं आणि डिस्कवर टेकतं. ते टाळायला गाईड पिन वापरतात, चाक त्यांच्यावरून सरळ बाहेर सरकतं. आपल्या पंक्चरवाल्याकडे पाना आहे, पाइप आहे, चहा आहे. गाईड पिन नाही. या गाडीत स्टेपनीही नाही, टायर भरायचं औषध आणि छोटा पंप येतो. म्हणजे पंक्चरवाल्याची गाठ पडणार हे धरून चाला.

पुण्यातला वऱ्हाडी
ताई, गाईड पिनचा जोड डिकीत ठेवता येतो, त्यासाठी ब्रेक नाकारायचे का? आणि तो ट्रॅकवर जायचं म्हणतो आहे. पिथमपूरला नॅट्रॅक्स हा गाड्यांच्या चाचणीचा ट्रॅक आहे, इंदूरच्या जवळ. चेन्नई, कोइम्बतूर आहे. दिल्लीजवळ बुद्ध सर्किट आहे.

मोर्शीकर
नॅट्रॅक्सचा मोठा ट्रॅक ११.३ किलोमीटरचा अंडाकृती आहे, सरळ वेगासाठी. तिथे पीटीव्ही उघडून बघायलाही वळण लागत नाही. बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, खरं वळणांचं, पण वणीहून हजार किलोमीटरच्या वर. जाणारा जातो, नाही म्हणत नाही. पण "बेत आहे" म्हणणाऱ्याने आधी लोखंडी डिस्कवर चांगले पॅड आणि नवं ब्रेक ऑइल टाकून एक दिवस जाऊन यावं. सिरॅमिक जोडी बदलायची वेळ आली की नऊ लाखांचा हिशेब परत मांडावा लागेल.

काळीमाती, हिंगणघाट
टायरचा विषय निघालाच आहे तर हवेचंही लक्षात ठेवा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधला दाब एक पीएसआयने वाढतो. डिसेंबरच्या सकाळी पंधरा अंशांत भरलेली हवा मेच्या पंचेचाळीसात पाच पीएसआयने वाढलेली असते. समृद्धीच्या काँक्रीटवर तासन्‌तास १२० ने जाताना आणखी वाढते. लोक लाखोंचं सस्पेन्शन घेतात आणि हवा पेट्रोलपंपावरच्या पोराच्या अंदाजाने भरतात. मग म्हणतात गाडी हलकी वाटते.

जिनिंगवाला, वणी
म्हणजे पासम हो, पीटीव्ही बहुतेक हो, सिरॅमिक नाही, वीस इंची नाही. आणि स्पोर्ट क्रोनो?

चिखलदरा एक्स्प्रेस, परतवाडा
क्रोनोचा हँडलिंगशी संबंध थोडाच. डॅशवर घड्याळ, लाँच कंट्रोल म्हणजे उभ्या गाडीला जोरात सुटायची सोय, स्टिअरिंगवर मोडची चकती आणि वीस सेकंद पूर्ण जोर देणारं बटण. कंपनीच्या आकड्यात पीडीके गाडी शून्य ते शंभर ४.९ सेकंदांत, क्रोनोसह ४.७. जाम चौकात ते ०.२ सेकंद ट्रॅक्टरच्या मागेच जातील. पण असलं तर गंमत येते, मी काढून टाका म्हणणार नाही.

मी नियम असा लावेन: जे नंतर बसवता येत नाही तेच विकत घ्या. टायर, पॅड, रिंग, अलाइनमेंट केव्हाही होतं. पासम आणि पीटीव्ही नंतर बसवायचं म्हणजे वायरिंग, कंट्रोल युनिट, कोडिंग. वणीत कोण करणार? म्हणून भरलेली गाडी घ्या आणि वीस इंचीच्या जागी अठरा लावा.

मोर्शीकर
हे बोलायला सोपं. सिरॅमिक डिस्क लोखंडीपेक्षा मोठी असते. ती अठरा इंची रिंगच्या आत बसते का हे आधी विचारा, नाहीतर रिंग घेऊन घरात टांगावी लागेल. आणि ज्या सिरॅमिकला आपण नको म्हणतो त्याचे पैसे त्या नऊ लाखांत आहेतच.

रोहीदर्शन, आर्वी
ताई बरोबर बोलून राह्यल्या. सगळे हुशार मिळून म्हणता अर्धे ऑप्शन कामाचे, अर्धे नाई, अन् पैसे मात्र पूर्ण द्या. मंग साडेचार लाखच दे ना त्याले.

पुण्यातला वऱ्हाडी
बाजार असा अर्धा अर्धा चालत नाही. जुनी गाडी आहे तशी घ्यावी लागते. इतक्या चर्चेनंतरही माझं मत तेच. ही गाडी घेणारा रोज हिशेब करून चालवत नाही. पाच वर्षांनी साधी विकायला काढशील तेव्हा लोक तुला विचारतील, पीटीव्ही आहे का, आणि तू नाही म्हणशील.

मोर्शीकर
पाच वर्षांनी ते हेही विचारतील की सिरॅमिक डिस्कची कड उडाली आहे का.

जिनिंगवाला, वणी
रोहीभाऊचं पटलं. विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणतो साडेपाच लाख कमी करतो, पण सिरॅमिक काढून लोखंडी लावून देतो. हे चालतं का?

काळीमाती, हिंगणघाट
कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), डिस्क, पॅड, गाडीच्या कॉम्प्युटरमधलं कोडिंग, सगळं कंपनीचं असेल आणि बिल असेल तरच. नुसती डिस्क बदलून सिरॅमिकचे पिवळे कॅलिपर तसेच ठेवले तर हात लावू नका.

चिखलदरा एक्स्प्रेस, परतवाडा
आणि जायच्या आधी पुढच्या बॉनेटच्या आतल्या स्टिकरवरचे ऑप्शन कोड वाच. पासम ४७५, पीटीव्ही २२०, सिरॅमिक ४५०. २२० नसेल तर तो पीटीव्हीच्या नावाने नुसतं स्टॅबिलिटी कंट्रोल विकतो आहे. हेअरपिनला मी सांगितलं तसं काहीच होणार नाही.

रोहीदर्शन, आर्वी
अन् २२० असला तं मले चिखलदऱ्याले घेऊन जा. धुक्यात पाहू कोणतं चाक फिरते.