अनुभव धागा : ब्रिटनमधले आश्रयार्थी, सरकारचा खर्च आणि आपल्या कानावर पडणारं

थेम्सकाठची

ऑफिसातला चहा असो, शाळेच्या गेटवर मुलांची वाट बघणं असो की न्हाव्याची खुर्ची, गेली दोनेक वर्षं इंग्लंडात गप्पांची गाडी हमखास एकाच स्टेशनावर थांबते : आपल्या टॅक्सच्या पैशांवर हॉटेलात राहणारे 'ते'. आपण मराठी माणसं या गप्पांत जरा अवघडून उभी असतो. टॅक्स भरणाऱ्यांत आपण आहोत आणि बाहेरून आलेल्यांतही आपणच. म्हणून हा धागा. मतं सगळ्यांकडे असतात. मला हवंय ते तुम्ही स्वतः ऐकलेलं, पाहिलेलं, नोकरीत हाताळलेलं. पक्षांची भांडणं इथे नकोत.

वाद आकड्यांवरून भरकटू नये म्हणून थोडं आधीच मांडते. जून २०२५ अखेर सुमारे ३२ हजार आश्रयार्थी हॉटेलांत होते. २०२३ मध्ये हाच आकडा ५६ हजारांवर गेला होता. हॉटेलांवर २०२३-२४ मध्ये ३ अब्ज पौंड खर्च झाले, २०२४-२५ मध्ये २.१ अब्ज. २०२५ मध्ये जिथे जेवण मिळतं अशा हॉटेलात राहणाऱ्याच्या हातात आठवड्याला ९.९५ पौंड पडायचे, स्वतः रांधायचं असेल तर ४९.१८. अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करायला मनाई. वर्ष उलटूनही निकाल नाही लागला तर परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती.

लिहा आता.

रेडिंगचा_राजा

मी चिडलेल्यांपैकी आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो.

फेब्रुवारी २०२४ पासून हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसावर राहणाऱ्यांनी सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचे पैसे, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६. आम्ही चौघं. तीन वर्षांचा व्हिसा वाढवताना नुसता सरचार्ज १०,८६६ पौंड, तोही एकरकमी आणि आगाऊ. व्हिसाची फी वेगळी. पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो आहेच. शिवाय सरकारी मदतीवर हक्क नाही, ही अट व्हिसाबरोबर येते. बायकोची नोकरी गेली तेव्हा काउन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या घरपट्टीत, सवलत मिळते का ते विचारायला गेलो. बाई फार गोड बोलल्या आणि नाही म्हणाल्या. त्याच सुमारास गावाबाहेरचं एक हॉटेल होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्याने, आश्रयार्थींसाठी अख्खं घेतलं. आमच्या कंपनीचे पाहुणे तिथे उतरायचे, त्यांना सांगितलं गेलं की आता बुकिंग बंद.

त्या माणसांशी माझं भांडण नाही. मी पैसे भरून रांगेत उभा आहे आणि रांगच लांबवतायत, हा माझा राग आहे. मे २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं लागतील. छोट्या बोटींतून खाडी ओलांडून आलेल्या आश्रयार्थींवरचा लोकांचा राग शांत करायचा, तर हाताशी कोण सापडतं? आम्हीच, कारण आमचा पत्ता, पगार, पासपोर्ट सगळं त्यांच्याकडे आहे.

मिडलँड्सची_माई

राजाभाऊ, राग समजतो. मी काउन्सिलच्या हाउसिंग खात्यात काउंटरवर बसते, त्यामुळे दुसरी बाजू रोज समोर येते.

लोकांना वाटतं हॉटेलचं बिल आमची काउन्सिल भरते. नाही. ते होम ऑफिसचं काम आणि तेही ठेकेदारांमार्फत. हे ठेके २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी दिले, अंदाज होता साडेचार अब्जांचा. मे २०२५ मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने सांगितलं की तो १५.३ अब्जांवर जाईल. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे जी आमच्या कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांना ऐकवते : हॉटेलांत होती ३५ टक्के माणसं, पण ठेक्यांच्या खर्चापैकी ७६ टक्के खर्च त्यांच्यावर. म्हणजे साध्या घरात ठेवायची सोय वेळेत केली असती, अर्ज वेळेत निकाली काढले असते, तर हे बिल असं फुगलं नसतं. जून २०२३ मध्ये पहिल्या निर्णयाची वाट बघणारे पावणेदोन लाखांच्या आसपास होते. इतक्या लोकांना ठेवायचं कुठे?

आमच्यावर बोजा पडतो तो अर्ज मंजूर झाल्यावर! ऐकायला उलटं वाटेल. पण ज्या दिवशी मंजुरी येते त्या दिवसापासून हॉटेलचे दिवस मोजले जातात. साधारण २८ दिवस; डिसेंबर २०२४ पासून काही काळ ५६ केले होते. तेवढ्यात बँक खातं, नोकरी, डिपॉझिट, जामीनदार, सगळं जमवायचं. वर्षभर ज्याला कमवू दिलं नाही त्याने. मग तो माझ्या काउंटरवर येतो. मागच्या हिवाळ्यात एक सुदानी मुलगा आला होता. खांद्याला सुपरमार्केटची मोठी निळी पिशवी, हातात मंजुरीचं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अगदी सुरकुती न पडू देता ठेवलेलं. चेहऱ्यावर आनंद. त्याला वाटलं होतं पत्र दाखवलं की घर मिळतं. एकटा, तरुण, तब्येतीने धडधाकट, म्हणजे नियमाप्रमाणे प्राधान्य नाही. मी त्याला रात्रीच्या निवाऱ्याचा नंबर दिला. रांगेत त्याच्या मागे उभे असलेले स्थानिक गृहस्थ पुढे येऊन मला म्हणाले, "याला फ्लॅट दिलात ना? आणि माझी मुलगी चार वर्षं घराच्या यादीत आहे." मी काय सांगणार, दुसऱ्याची फाइल उघड करता येत नाही. ते गृहस्थ तसेच समजून घरी गेले.

चहाबाज

भागाकाराचं गणित : आश्रयार्थींना आफ्रिकेतल्या रवांडात पाठवायची योजना, एप्रिल २०२२ ते जुलै २०२४. खर्च ७० कोटी पौंड, असं गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. गेलेली माणसं चार, तीही स्वखुशीने. उत्तर कॅल्क्युलेटरवर काढून बघा. आमच्या पबमध्ये हॉटेलांवर ओरडणाऱ्या एकालाही हा आकडा माहीत नव्हता. सांगितल्यावर एक जण म्हणाला, "म्हणजे अजून जास्त पाठवायला हवे होते."

केंटमधली_काकू

आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. यजमान गेल्यावर एकट्याच राहतात, त्यांची पार्सलं मी घेऊन ठेवते, त्या माझ्या कढीपत्त्याला पाणी घालतात. २०२४ च्या उन्हाळ्यात सरकारने हिवाळी इंधन भत्ता जवळपास सगळ्या पेन्शनरांचा काढून घेतला, फक्त पेन्शन क्रेडिटसारखी कमी उत्पन्नाची मदत मिळणाऱ्यांना ठेवला. यांची पेन्शन त्या रेषेच्या किंचित वर. ३०० पौंड गेले. मला म्हणाल्या, "माझं हीटर बंद आणि त्यांचं हॉटेल गरम." मी गप्प बसले. मग माझा हात थोपटून म्हणाल्या, "तू नाहीस गं त्यातली. तू काम करतेस."

हे 'तू नाहीस' इथे राहणाऱ्या प्रत्येकीने ऐकलं असेल. मायेनेच म्हणतात, खोटं कशाला बोलू. पण बसमध्ये माझ्या कपाळावर कोणी पे-स्लिप चिकटवलेली नसते ना!

जून २०२५ मध्ये सरकार मागे हटलं, ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना भत्ता परत सुरू झाला. आजींनाही मिळाला. मत मात्र तेच आहे. आणि मला त्यांचं पूर्ण चुकतंय असंही वाटत नाही. ज्या माणसाला दर हिवाळ्यात हिशेब करून हीटर लावावं लागतं, त्याला अब्जांचे आकडे सांगून काय समजावणार? त्यांचे ३०० पौंड हॉटेलसाठी कापले नव्हते हे खरं. पण दोन्ही बातम्या एकाच संध्याकाळी एकामागोमाग लागल्या होत्या.

सुई_दोरा

मी आठवड्यातून एकदा एका हॉटेलात इंग्रजी शिकवायला जाते, चर्चच्या गटाबरोबर. 'फोर स्टार' वगैरे जे ऐकता ते बोर्डावर आहे. आत स्विमिंग पूल कोरडा, बार कुलूपबंद, एका खोलीत दोन अनोळखी माणसं. जेवण बाहेरून डब्यात येतं, मायक्रोवेव्हमध्ये फिरवायचं. ९.९५ पौंडांचं काय होतं सांगते. वकील शहरात. बसचं एका बाजूचं तिकीट ३ पौंड. जाऊन-येऊन ६ गेले. उरलेल्यात फोनचा रिचार्ज, नाहीतर दाढीचं सामान.

माझ्या वर्गात एक इरिट्रियन बाई आहे, शिवणकाम करणारी. खोलीतला फाटलेला पडदा तिने हाताने असा रफू केला की जागा शोधावी लागते. मॅनेजर खूश झाला, म्हणाला बाकीचे पण करशील का, पैसे देतो. तिने दोन्ही हात मागे घेतले. पैसे घेतले तर केस बिघडेल, ही भीती. फुकट करून दिले शेवटी. मॅनेजरनेही मग फार विचार केला नाही.

राजाभाऊ, तुमच्या टॅक्समधून तिचा खर्च होतो हे मान्य. तिला शिवू द्या, तीच टॅक्स भरेल.

रेडिंगचा_राजा

@सुई_दोरा : शिवू द्या की! मी कुठे अडवलंय? पण काम द्यायला लागले की आणखी बोटी येतील, असं सरकार म्हणतं. ते खरं असो-नसो, मतं त्यावरच मिळतात.

डॉक्टर_यॉर्कशायर

४ ऑगस्ट २०२४. रॉदरहॅमजवळ मॅनव्हर्सला आश्रयार्थी ठेवलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला, आत माणसं असताना दाराशी आग लावली. साउथपोर्टमध्ये २९ जुलैला तीन लहान मुलींचा खून झाला होता आणि मारेकरी बोटीतून आलेला आश्रयार्थी असल्याची अफवा फिरली. तो जन्मला होता कार्डिफमध्ये.

मी त्या रात्री ड्युटीवर होतो. हॉस्पिटलने सगळ्यांना निरोप पाठवला, बिल्ला बाहेर पडताना काढून ठेवा, एकट्याने चालत जाऊ नका. केरळच्या दोन नर्स आणि मी, एका गोऱ्या पोर्टरने आम्हाला आपल्या गाडीतून घरी सोडलं. वाटेत तो म्हणाला, दंगल करणाऱ्यांना जेलात टाकायला हवं. पुढच्या सिग्नलला म्हणाला, पण हॉटेलं बंद व्हायला हवीत. दोन्ही त्याला मनापासून वाटत होतं. अशा माणसाला कुठल्या खणात टाकायचं ते टीव्हीवाल्यांना कळत नाही. माझ्या वॉर्डात निम्मे लोक असेच आहेत.

ढोलपथक_एसेक्स

२०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आठवून बघा तेव्हा काय चाललं होतं. आमच्या एसेक्समधल्या एपिंगला, आश्रयार्थी ठेवलेल्या बेल हॉटेलसमोर जुलैपासून निदर्शनं, १९ ऑगस्टला हायकोर्टाने हॉटेल रिकामं करायचा हुकूम दिला, आणि गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी, २९ तारखेला, अपील कोर्टाने तो उठवला. खांबाखांबावर इंग्लंडचे झेंडे.

आमच्या मंडळाची मीटिंग यावरच दोन तास चालली. मिरवणूक रस्त्यावर काढायची की हॉलच्या पार्किंगमध्येच? एक काका, चाळीस वर्षं इथे, म्हणाले, "आपण कायदेशीर लोक, आपल्याला कशाची भीती?" त्यावर एका बाईंनी विचारलं, "काका, लांबून बघणाऱ्याला नऊवारी कायदेशीर दिसते का?" शेवटी पार्किंगमध्ये नाचलो. सिक्युरिटीवाल्यांचे पैसे वर्गणीतून गेले, मोदकांचा आकडा कमी झाला. त्याच काकांनी दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हॉटेलवाल्यांना हाकला म्हणून फॉरवर्ड टाकला. अ‍ॅडमिनने उडवला. अ‍ॅडमिन मीच.

फाइलवाली

मी इमिग्रेशन वकिलाकडे पॅरालीगल, म्हणजे मदतनीस, आहे. जरा आपल्याही अंगणात डोकावू. २०२४ मध्ये आश्रयासाठी सुमारे १ लाख ८ हजार अर्ज आले, त्यातले १६ हजारांच्या आसपास विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांचे. भारत इथल्या 'सुरक्षित देशांच्या' यादीत घातला गेलाय, तरी भारतीय अर्ज करतातच. फोन येतो : "मॅडम, शिक्षणानंतरचा पोस्ट-स्टडी व्हिसा संपतोय, जॉब नाही, एजंट म्हणतो असायलम, म्हणजे आश्रयाचा अर्ज, टाका, दोन वर्षं तरी निघतील." आपल्याकडची मुलंही असतात. घरच्यांनी शेत गहाण ठेवून पाठवलेली. मी नाही म्हणते. एजंट फी घेऊन हो म्हणतो.

खऱ्या केसची फाइल कशी दिसते ते रोज बघते, म्हणून याचा मला जास्त राग येतो. रांग याने लांबते.

जर्मनीहून_जोशी

इकडे वेगळा उपाय. आश्रयार्थींना रोख पैसे न देता पेमेंट कार्ड. बव्हेरियात त्यातून महिन्याला ५० युरोच रोख काढता येतात. आमच्या गावात काही मंडळी त्यांनी कार्डाने घेतलेली सुपरमार्केटची व्हाउचर घेऊन बदल्यात रोख देतात. सरकारी नियमाला गावाने काढलेली पळवाट. आमच्या घरमालकांना ते मुळीच पसंत नाही.

मदतनिधी

एक राहिलं. हॉटेलांचा बराच पैसा परदेशी मदतीच्या खात्यातून गेला. २०२३ मध्ये ब्रिटनच्या एकूण मदतीपैकी २८ टक्के, ४.३ अब्ज पौंड, देशातल्याच आश्रयार्थींवर खर्च पडले. नियमात बसतं. मी ज्या संस्थेत होते तिथली आफ्रिकेतली दोन कामं त्या काळात गुंडाळली. ज्या भागातून माणसं निघतात तिथलेच पैसे काढून ती इथे पोचल्यावर हॉटेलमालकाला दिले. या विषयावर मोर्चा काढणारा अजून भेटलेला नाही.

कोथरूडचे_आजोबा

लेकाकडे आलोय, म्हणून लिहितो. १९७१ च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे पत्रावर ५ पैशांचं ज्यादा तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. पूर्व बंगालातून कोटभर माणूस आला होता. लोक तेव्हाही कुरकुरले, आमच्या पोस्टात मी ऐकलंय; रेशनची साखर वेळेवर मिळत नव्हती तेव्हाची गोष्ट. युद्ध संपलं, ती माणसं बहुतेक परत गेली, तिकीट मात्र १९७३ च्या मार्चपर्यंत चालू होतं.

थेम्सकाठची

आजोबा, छान सांगितलंत. तिकीट कुणाकडे असेल तर फोटो टाका.

राजाभाऊ, तुम्ही खासदारांना लिहिणार होतात दहा वर्षांच्या नियमाबद्दल, त्याचं काय झालं?

रेडिंगचा_राजा

लिहिलं. उत्तर आलं, दोन पानं. मी विचारलं होतं की आधीच आलेल्या नोकरदारांना नवा नियम का लावता. पहिल्या परिच्छेदात छोट्या बोटी, दुसऱ्यात हॉटेलं, तिसऱ्यात माणसं बोटींतून आणणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त. माझा व्हिसा कुठेच नाही. परत लिहिलंय.